गाळलेलं कडवं

एक घर अलीकडेच मेळ्यापुढं गाणाऱ्या गैबीसाबनी हात वर केला, तशी धुळाप्पाची हलगी थांबली. पुढचं दार मथुराबाईंचं होतं.

मोहरमचा दहावा दिवस. अक्कलकोटच्या दक्षिणेकडच्या त्या गावात करबलाच्या लढाईत पडलेल्यांची गाणी गाणारा मेळा दरवर्षी दारोदार फिरे. त्यात मुसलमानांइतकेच हिंदू असत. वर्षभरात ज्या घरचं कोणी गेलं असेल, ते घर त्याचं नाव सांगे आणि गैबीसाब ते शेवटच्या कडव्यात गुंफत.

मथुराबाईंचा भिमा नौदलात होता. एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या युद्धात त्याचं जहाज बुडालं. जिंकल्याचे पेढे गावात वाटले जात होते, त्याच दिवशी तार आली. बाईंनी ती वाचून घेतली, घडी करून ठेवली आणि त्या म्हशीला पाणी दाखवायला गेल्या. तेव्हापासून कोणी समजूत घालायला आलं की त्या एवढंच म्हणत, भिमाला पवायला येतंय. आणि आलेल्याला चहा करत.

"नाव इचारू नका," गैबीसाब मेळ्याला म्हणाले. "आन् पान्याचं कडवंबी नको."

समोर नदी असून घोटभर पाणी न मिळालेल्या लेकरांचं ते कडवं होतं. धुळाप्पानं मान हलवली.

मेळ्याच्या पायांवर ओतायला पाण्याची घागर घेऊन मथुराबाई दारात उभ्याच होत्या. गाणं सुरू झालं. ते कडवं गाळून गैबीसाब पुढं गेले. पण नाचणाऱ्यांची पावलं सवयीनं जुन्याच वळणाला वळली आणि एकमेकांत अडखळली.

"गैबीभाऊ, एक कडवं खाल्लं की तुमी."

"वय झालं, वैनी. इसरलं."

"ल्हानपनी हेच कडवं इसरला म्हून भिमाला छडी मारली हुती तुमी. आन् तुमीच इसरता व्हय?"

गैबीसाब हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले.

"म्हना," त्या म्हणाल्या.

त्यांनी म्हटलं. नदी आली, कोरड्या पखाली आल्या, लेकरांचे फुटलेले ओठ आले. पालुपदाला मात्र कोणी आवाज दिला नाही. गावात असेपर्यंत ते भिमाच उचलायचा. क्षणभर नुसती हलगी वाजली. मग मथुराबाईंनी ते उचललं, जात्यावर गुणगुणावं तितक्याच हळू. बायका मेळ्यात गात नसत. पण त्यांना कोणी थांबवलं नाही.

कडवं संपलं.

"शेवटचं ऱ्हायलंय," मथुराबाई म्हणाल्या. "नाव लागतंय न्हवं त्यात?"

"सांगा, वैनी."

"भिमा."

दोन अक्षरांचं नाव ओळीला अपुरं पडत होतं. गैबीसाबनी ते ताणून ओळीभर केलं. मथुराबाई त्यांच्या पायांवर घागर ओतू लागल्या. पाणी संपलं, गाणं संपलं, तरी त्यांनी घागर तशीच तिरकी धरून ठेवली होती. शेवटी शेजारच्या बजाबाईनं पुढं होऊन ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मेळ्याला पुढच्या दाराकडे जायची खूण केली.