फिलाडेल्फियाचा गाइड

पाहुणे येणार म्हटलं की आपण सोफ्यावर नवी चादर घालतो आणि पसारा पलंगाखाली ढकलतो. इथवर ठीक आहे. पण कधी कधी आपण जिवंत माणूसच पलंगाखाली ढकलतो आणि वर विचारतो, यात बिघडलं काय? भिलाईच्या नेहरू नगरात लहानू मेश्रामांनी हेच केलं, आणि तेही आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांत!

आनंद तरी केवढा! लहानूजी स्टील प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेले. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं, प्रफुलनं, आईबाबांना अमेरिका दाखवायचं ठरवलं आणि शहर निवडलं फिलाडेल्फिया. अमेरिकेचं संविधान तिथं लिहिलं गेलं, हे कळल्यावर लहानूजींना झोप कुठली! ज्यांच्या बैठकीत आपल्या संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली, त्यांना आणखी काय हवं? भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं.

"ज्या हॉलमंधी त्यायनं संविधान लिवलं न, तो हॉल अजून उभा हाय! अन् समोरच ते चीर गेलेली घंटा! स्वातंत्र्याची घंटा!"

"घंटा पाहून पोट नाई भरत," म्हणत त्यांच्या पत्नी भीमाबाई बॅगेत कुरड्यांची पाकिटं कोंबत होत्या.

तिकिटं चौघांची होती. चौथा कौस्तुभ. तो आणि प्रफुल पुण्यात एकत्र राहतात, जोडीदार म्हणून. प्रफुलनं हे घरी कधीच सांगून टाकलं होतं. तेव्हा भीमाबाई एक दिवस रडल्या आणि दुसऱ्या दिवशी कौस्तुभलाच फोन लावून विचारलं, "जेवला का राजा?" लहानूजी मात्र म्हणाले होते, "तुमचं तुमी पाहा. पन समाजात बोलाचं नाई." त्यानंतर त्यांनी हा विषयच काढला नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी बुद्धविहारात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. प्रफुल आणि कौस्तुभही पुण्याहून आले होते. वंदना झाली, सगळ्यांनी पंचशील घेतलं, चौघांना पुढं बसवलं. विहार समितीचे अध्यक्ष शामराव माणूस मोठा हौशी, एकदा माइक हातात आला की सोडत नाहीत. त्यांनी माइकवरच विचारलं, "लहानूजी, हा पोट्टा कोन? वळखला नाई!"

सगळा हॉल बघायला लागला. लहानूजी घाईघाईनं उठले.

"हा... हा गाइड हाय. फिलाडेल्फियाचा गाइड!"

झालं! अशा टाळ्या पडल्या की विचारू नका. स्वतःचा गाइड घेऊन अमेरिकेला जाणारा माणूस विहारात आजवर झाला नव्हता. शामराव कौस्तुभला चिकटलेच.

"पुढच्या साली आमाले श्रीलंकेले नेशीन का? मानशी काय लावशीन?"

"काका, श्रीलंकेचा मला अनुभव नाही हो," कौस्तुभ बिचारा हसत म्हणाला. आणि हळूच वळून त्यानं भीमाबाईंच्या हातावर बीपीची गोळी ठेवली, पाण्याची बाटली उघडून दिली.

मग फोटोची वेळ आली. "गाइडसाहेब, तुमी खाली या. फोटो काढनं तुमचंच काम हाय!" शामराव म्हणाले. कौस्तुभ मुकाट्यानं मोबाइल घेऊन खाली उतरला. फोटोत तिघंच आले, आणि त्यातला प्रफुल हसला नाही.

फोटो होताच त्यानं बाबांना मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथं लहानूजींची थोरली बहीण तुळसाबाई चहाचे कप विसळत होती.

"बाबा, ते शहर मी कावून निवडलं, माहीत हाय? साठ वर्षांआधी आमच्यासारखे लोक त्या हॉलसमोर पाट्या घेऊन उभे राह्यले. नोकरी गेली तरी चालंन, पन आमाले मानूस म्हना! आज वहाँ हम दोनों हाथ पकड़ के घूम सकते हैं. अन् तुमी इथंच त्याले गाइड करून टाकलं? आई अन् तुमी जा. त्याले सोडून मी नाई येत. मेरेको नहीं जाना!"

"अरे, पन लोक काय म्हनतीन?" लहानूजी पुटपुटले.

तुळसाबाईनं कप खाली ठेवला. "दारातून पाह्यलं मी, त्या पोट्ट्यानं भीमाले गोळी देल्ली. तिनं मांगतली नव्हती. गाइडले बाईच्या गोळीची वेळ ठाऊक राह्यते का? म्हातारी झाली मी, आंधळी नाई झाली."

"ताई, तुले नाई समजत."

"मले नाई समजत? प्लांटात लागला तवा दुर्ग शहरात खोली भेटत नव्हती तुले. दोस्तानं सांगतलं, आडनाव दुसरं सांग, खोली भेटते. तवा तू काय केलं? सांग न आता!"

"स्टेशनवर झोपलो," लहानूजी हळूच म्हणाले.

"झोपला. पन आडनाव नाई बदललं! मीच भाकर घेऊन येत होती. सोताचं नाव लपवलं नाई, त लेकाच्या मानसाचं कावून लपवून राहिला? अन् कोन्या तोंडानं जाशीन त्या संविधानाच्या हॉलमंधी?"

लहानूजींनी दारातून आत पाहिलं. लोक चहा पीत, गप्पा मारत होते. कौस्तुभ एकटाच खुर्च्या उचलून भिंतीशी लावत होता. गाइडला बस म्हणणार कोण? ज्या संविधानापायी आपण एवढे नाचत होतो, ते पाहायला जायचं ते या पोराला असं बाहेर ठेवून?

ते तरातरा आत गेले. "शामराव, माइक द्या!"

"काय झालं?"

"द्या म्हनतो न!"

माइक घेऊन ते हॉलकडे वळले. "मंडळी, मी खोटं बोललो! आत्ताच पंचशील घेतलं, खोटं बोलनार नाई म्हनलं, अन् इथंच बसून खोटं बोललो! हा गाइड नाई. हा कौस्तुभ. माह्या प्रफुलचा जोडीदार. दोघं संसार करून राहिले. हा माह्या घरचा मानूस हाय!"

दोघं-तिघं उठून निघूनही गेले. खोटं कशाला सांगू? शामराव मात्र तोंड उघडं टाकून उभे होते.

"म्हंजे आपली श्रीलंका कॅन्सल?"

तुळसाबाई खदखदून हसली आणि मग अख्खा हॉल हसला. कौस्तुभ हसता हसता रडत होता. भीमाबाईंनी पदरानं त्याचे डोळे पुसले आणि प्रफुलनं सगळ्यांसमोर त्याचा हात धरला.

आणि गेले की चौघं फिलाडेल्फियाला! लाल विटांच्या त्या हॉलसमोर लहानूजी हात जोडून उभे राहिले. पुढं रस्त्यावर प्रफुल आणि कौस्तुभ हात हातात घेऊन चालले होते आणि कोणी वळूनही पाहत नव्हतं. "पाह्य न भीमा, कसे चालून राहिले!" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. घंटेजवळ कौस्तुभनं सवयीनं मोबाइल काढला. लहानूजींनी तो हिसकावला आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या पाहुण्याच्या हातात दिला.

"यू टेक फोटो. आमचा गाइड फोटोत पायजे!"

वाचकहो, संविधान भिंतीवर लावायला एक खिळा पुरतो. ते पाळायला मात्र चारचौघांत आपल्या माणसाला खऱ्या नात्यानं हाक मारावी लागते. आपल्या घरात असं कोणी असेल, तर त्याला गाइड, मित्र, भाडेकरू करू नका. आपणच त्याला लपवलं, तर जगानं त्याचा मान का ठेवावा?

तो फोटो आता नेहरू नगरच्या बैठकीत उद्देशिकेच्या शेजारी लावला आहे. पाहुणे विचारतात, "अन् हा कोन?"

"हा आमचा कौस्तुभ," लहानूजी म्हणतात. "बसा, चहा घ्या. सांगतो."