शिवणारा गुडघा

आत्याच्या उजव्या गुडघ्याला शिवणकामाचं वेड होतं. आत्यालाही होतं, पण गुडघ्याला जरा जास्तच! उभं आयुष्य पायमशीन चालवून तो इतका तयार झाला होता की कुठेही ठेका वाजला की लागलाच खालीवर व्हायला. दारावर कुणी टकटक केली तर आत्या उठेपर्यंत गुडघ्याने मनातल्या मनात अर्धी बाही शिवून टाकलेली असायची.

हल्ली मात्र तो दुखायचा, सुजायचा आणि जिना चढताना कुरकुरायचा. म्हणून भाची तिला डॉक्टरांकडे घेऊन आली होती. या भाचीला घरात सगळे टकळी म्हणत. का, ते तिने तोंड उघडलं की कळायचं.

"सांध्याची झीज आहे," डॉक्टर म्हणाले. "एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, पण मधली मऊ गादी दिसत नाही. ती किती उरलीय ते एमआरआयमध्ये कळेल. उरली असेल तर व्यायामावर भागवू. पार गेली असेल तर सांधा बदलावा लागेल."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "डॉक्टर, हा गुडघा माझ्या हाताखाली तयार झालाय. नवा येईल तो उमेदवार! त्याला शिकवेपर्यंत गिऱ्हाईकं थांबतील होय?"

डॉक्टरांनी मुकाट एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली.

एमआरआयच्या खोलीबाहेर यंत्रवाल्या दादाने सांगितलं, "काकू, आत जबरदस्त मोठं लोहचुंबक आहे. अंगावर धातूचं काही नको."

"काही नाही रे बाबा," म्हणत आत्याने कॉलरमधून एक टाचणी काढली. मग बाहीतून तीन. मग अंबाड्यातून मूठभर. दादाने वाटी पुढे केली, मग ताट आणलं. शेवटी आत्याने ओठांच्या कोपऱ्यातून एक टाचणी काढली, तेव्हा दादा खुर्चीत बसला.

"काकू, इतका वेळ तुम्ही हिच्यासकट बोलत होतात?"

"मग? तोंड काय नुसतं बोलायला दिलंय?"

कपडे बदलून आत्या आडवी झाली. गुडघ्याभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. दादा आणि टकळी काचेपलीकडे बसले. यंत्र सुरू झालं. ठक-ठक-ठक-ठक!

आणि गुडघा लागला कामाला.

पडद्यावर चित्र उमटलं ते धुक्यात वाळत घातलेल्या चादरीसारखं. "काकू, हलू नका!" दादा माइकमध्ये ओरडला.

"मी कुठे हलतेय? तो हलतोय! त्याला सांग!"

दादाने घसा खाकरला. "गुडघेराव, जरा थांबता का?" छे! मग त्याने आत जाऊन पट्टे आवळले, वर वाळूची पिशवी ठेवली. यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि गुडघ्याने पिशवीसकट शिवण चालू केली.

"असंच चाललं तर गादी दिसायचीच नाही," दादा हताश होऊन म्हणाला. "मग डॉक्टर तरी कसं ठरवणार?"

हे हेडफोनमधून आत्याला ऐकू गेलं. "टकळे," तिचा आवाज चक्क ओला झाला होता, "कर की गं काहीतरी. आंधळेपणाने बदलतील माझा गुडघा!"

टकळी काचेला नाक लावून गुडघ्याकडे बघू लागली. आणि त्याच क्षणी तिला सुचलं! गुडघा कधी थांबतो? तिने माइक ओढून घेतला.

"आत्या! बॉबिनचा दोरा संपला!"

गुडघा जागच्या जागी थांबला. दगड! आत्याचा हात तेवढा खालच्या दोऱ्याची भरलेली बॉबिन मागत हवेत राहिला, पण हात काही चित्रात येत नव्हता.

"दुसरी दे लवकर," आत्या म्हणाली.

"शोधतेय! कपाटाखाली गेली वाटतं!"

"आणखी बोल," दादा कुजबुजला, "बरीच चित्रं बाकी आहेत."

टकळीला बोलायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. बॉबिन कपाटाखालून पलंगाखाली गेली, तिथून मोरीत गेली, तिथून शेजाऱ्यांच्या अंगणात. ती इतकं मनापासून सांगत होती की दादा खरंच टेबलाखाली वाकून बघायला लागला. तेवढ्यात डॉक्टर आले. "काय हरवलंय?"

"बॉबिन," दादा म्हणाला. झालं, डॉक्टरही गुडघ्यांवर रांगू लागले! यंत्र थांबलं तरी दोघं शोधतच होते.

नंतर डॉक्टरांनी कपडे झटकून चित्रं पाहिली. अगदी स्वच्छ आली होती. आत्याने टकळीचा हात घट्ट धरला.

"आतल्या बाजूची गादी विरलीय," डॉक्टर म्हणाले. "इथे तर हाड उघडं पडलंय. पण बाहेरची बाजू आणि गुडघ्याच्या वाटीमागची गादी चांगली आहे. आत्ताच बदलायचा नाही. मात्र मशीन अगदी थोडा वेळ. बाकीचं काम डाव्या पायाला द्या."

आत्याने डाव्या पायाकडे असं पाहिलं, जसं घरातल्या ऐतखाऊ दिराकडे बघतात.

घरी आल्या आल्या तिने उजवा पाय स्टुलावर ठेवला. "तू नुसता बघ आणि चुका काढ," तिने त्याला बजावलं, आणि डावा पाय पेडलवर टाकला. चाक थरथरलं, अडखळलं आणि उलटं फिरलं.

"अरे गाढवा, पुढे!" आत्या कडाडली. "आज बाही-बिही नाही. नुसती फडकी शिवायची!"

टकळीने हसू दाबून जुनं फडकं पुढे सरकवलं. पहिल्याच दिवशी उमेदवाराला कोण हसतं?