लांबीखालचा तडा

मी एक जुना चिमटा आहे. हसू नका मित्रांनो, गरम भांडी उचलायचा चिमटा नव्हे. सायकलचं पुढचं चाक ज्याच्या दोन पायांमध्ये फिरतं, तो मी. ते दोन पाय वर जिथे एकत्र येतात, त्या जागेला माझी मान म्हणतात. माझी सगळी कर्मकहाणी या मानेचीच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मान आणि पाय जोडताना जोडणाऱ्याचा हात जरा लवकर उचलला गेला आणि जोड आतून कच्चा राहिला. वरून निळाशार रंग बसला आणि मीही इतरांसारखाच दिसू लागलो. मला आत कुठेतरी पोकळ वाटायचं, पण आमच्या जातीला तोंड कुठे असतं!

आमची सायकल एका पेंटरने घेतली. हा पेंटर भिंती रंगवणारा नव्हता. ठोकर खाल्लेल्या गाड्यांचे पोचे काढून, रंग देऊन त्या पुन्हा नव्यासारख्या करायच्या, हा त्याचा धंदा. पोचा काढला की तो खळग्यात लांबी भरायचा. लांबी म्हणजे घट्ट पुट्टी. ती वाळली की घासायची, मग अस्तर, मग रंग. त्याने काम केल्यावर गाडीला कुठे लागलं होतं हे मालकालाही सापडायचं नाही. तो स्वतः मात्र डोळे मिटून नुसता तळवा फिरवायचा आणि सांगायचा, "इथे आधी कोणीतरी लांबी भरलीय."

सायकल त्याने मुलीसाठी घेतली होती. घरात ती दोघंच. आई गेल्यापासून एकमेकांना धरून होती. मुलगी नदीपलीकडच्या इस्पितळात नर्सचं शिक्षण घेत होती. पहाटेच्या ड्युटीला त्या बाजूला एकही बस जात नसे. सायकल होती म्हणून तिला घरी राहता येत होतं, नाहीतर तिकडच्या वसतिगृहातच राहावं लागलं असतं. एका घासाला दारात चप्पल आणि दुसऱ्या घासाला पायात, अशी ती. म्हणून बाप तिला घाईबाई म्हणायचा.

काय सुखाचे दिवस होते ते! पहाटे ती पुलावरून अशी काही सायकल हाणायची की माझ्या कानात वारा भरायचा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच घंटी वाजवायची. ती घंटी ऐकली की पेंटर हात पुसत उठायचा आणि चहाचं आधण ठेवायचा. मग दोघांच्या गप्पा. कोणत्या पेशंटने सुई बघून पळ काढला, कोणत्या गाडीवाल्याने खांबाला दोष दिला. मी भिंतीला टेकून ऐकत राहायचो.

दीडेक वर्षाने माझी मान बोलू लागली. ब्रेक दाबला की कट् आवाज यायचा. घाईबाई मला सायकल दुरुस्त करणाऱ्या उस्तादाकडे घेऊन गेली. त्याने चाक काढलं, मान उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला.

"नशीब समज पोरी, पुलावर तुटला नाही. हा बघ तडा. जोडच कच्चा आहे, कंपनीची चूक. गॅरंटी आहे ना अजून? मग हक्काने बदलून माग."

माझ्या मापाचा चिमटा बाजारात सुटा मिळत नव्हता. कंपनीच द्यायची, तोही खराब चिमटा परत घेऊन. उस्तादाने मला कागदात गुंडाळलं आणि बजावलं, "आहे तसा दे हं. चिखलसुद्धा पुसू नकोस. हा तडाच तुझा साक्षीदार."

घाईबाईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण तिला ड्युटी होती. ओळखीच्या रिक्षाने जायचं होतं आणि रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवत होता. तिने मला स्टुलावर ठेवलं आणि उंबऱ्यातूनच ओरडून सांगितलं, "बाबा, हा चिमटा उद्या दुकानात देऊन ये. मानेला तडा गेलाय. बिल वरच्या कप्प्यात आहे!"

उस्तादाचं बजावणं तेवढं सांगायचं राहिलं. घाईच ना!

दुपारी पेंटरने कागद सोडला आणि त्याचं तोंड कडू झालं. माझ्या पायांवर चिखल, मानेपाशी गंज, रंगाचे पोपडे. "अरे देवा," तो स्वतःशीच म्हणाला, "असा द्यायचा दुकानात? म्हणतील, पोरीने नीट वापरलीच नाही सायकल. देतील का मग बदलून?"

मित्रांनो, लेकीच्या नावाला बट्टा लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने मला रॉकेलने पुसलं, पोपडे काढले, मान घासली. इथे थांबला असता तरी निभावलं असतं कदाचित. पण आयुष्यभर एकच काम केलेले हात ते, थांबतात कसले! तडा दिसला आणि बोट आपोआप लांबीच्या डब्यात गेलं. 'कुठे तडा आहे ते मी तोंडाने सांगेनच की,' असं पुटपुटत त्याने तो भरला, घासला, अस्तर मारलं आणि वरून निळा रंग दिला. तोही अगदी मिळता! मग मला उन्हात टांगून तो लांबून बघत बसला. इतक्या प्रेमाने मला कोणीच कधी हाताळलं नव्हतं.

दुकानदाराने मला उलटसुलट करून पाहिलं. "काका, हा तर कोरा करकरीत आहे. बिघडलंय काय?"

"हे इथे, मानेपाशी. तडा आहे."

दुकानदाराने अंगठा फिरवला. काही लागलं नाही. "मला तर दिसत नाही बुवा. पण पाठवतो. ठरवणार कंपनी."

कंपनीचा तपासणारा माणूस काही वाईट नव्हता. त्याने पेंटरला समोर बोलावून घेतलं आणि त्याच्यादेखत माझा रंग खरवडला. लांबीचा भुगा टेबलावर पडला. आत तडा होता, पण त्याच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

"तडा आहे, मान्य," तो म्हणाला. "पण जोड कच्चा होता, की सायकल कुठे आदळली, हे आता कशावरून सांगू? कडाच राहिल्या नाहीत. आणि वस्तूवर बाहेर काम केलं की गॅरंटी संपते. असं का केलंत हो?"

"साहेब, घाण होता... मी फक्त साफ..." पेंटर त्या भुग्याकडे बघत म्हणाला.

'अरे, मी जन्मापासून असाच आहे!' मला ओरडून सांगायचं होतं. पण मी लोखंड.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. घाईबाई म्हणाली, "बाबा, उस्ताद म्हणाला होता, पुसूसुद्धा नका. मीच सांगायला विसरले."

"तू विसरलीस, पण मला तर अक्कल होती ना! जन्म गेला या कामात."

उस्तादाला सोबत घेऊन ती एकदा कंपनीत भांडूनही आली. काही उपयोग झाला नाही. मान सांधून घेतली तरी तिचा पुलावर भरवसा नाही, असं उस्तादानेच सांगितलं. ओळखीचा रिक्षावाला तरी किती दिवस पहाटे उठणार? नवी सायकल घेण्याची ऐपत नव्हती आणि वसतिगृहात एकच खाट रिकामी होती. तिने ती घेतली.

निघताना ती मोठ्याने हसली. "बरं झालं बाबा, आता सकाळी झोप तरी मिळेल. तू काळजी करू नकोस, मला काहीच वाटत नाहीये." पेंटरने तिच्या डोक्यावरून तळवा फिरवला. तो तळवा जरा अडखळला, तेव्हाच मी ओळखलं. त्याला कळलं होतं. पण तोही हसला आणि म्हणाला, "मलाही नाही काही वाटत."

आता मी त्याच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या मानेवर त्याने पुन्हा रंग दिला नाही. ठोकलेली गाडी घेऊन कोणी आला, की आधी माझ्याकडे बोट दाखवतो आणि सांगतो, "जा, विमावाल्याला आहे तशी दाखवून या, मगच मी हात लावणार." लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. संध्याकाळ झाली की त्याचे कान अजून गल्लीच्या तोंडाकडे लागतात. आधण तो उशिराच ठेवतो, एकट्यापुरतं.

मागे सुट्टीला ती आली होती. गॅरेजात बसून सांगत होती, सगळं छान आहे, मैत्रिणी छान आहेत, जेवण छान आहे. पेंटरने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. "घाईबाई, छान आहे, की लांबी भरलीयस?"

तिचं तोंड एकदम वाकडं झालं. मग ती रडत रडत बोलली, बराच वेळ. रात्री खोलीत करमत नाही, जेवताना कोणी बोलायला नसतं, तुझ्या खोकल्याची काळजी वाटते. बापाकडे कशावरच उपाय नव्हता. त्याने समजूत घातली नाही की डोळे पूस असंही म्हटलं नाही. नुसता ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. तडा वस्तूला गेलेला असो की मनाला, ज्याने तो बघायला हवा त्याला आधी दाखवा. पुसणं, घासणं, रंगवणं मागाहून होतं.

आणि अजून एक, आजवर कोणाला न सांगितलेलं. कंपनीने मागणी मान्य केली असती, तर मला परत घेऊन भट्टीत वितळवलं असतं. लांबीच्या त्या बोटभर लेपाने माझा जीव वाचला. पण खरं सांगू? संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी ती घंटी वाजत राहिली असती, तर मी आनंदाने भट्टीत गेलो असतो.