मेमरीच्या फाइलमधली तिसरी ओळ

तिला या नोकरीत तिच्या मामानेच चिकटवलं होतं, त्यामुळे सगळं ऑफिस त्याला मामाच म्हणायचं. मामाने लिहिलेला, ग्राहकांचे फोटो साठवणारा नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढला आणि मॅनेजरने तिला सांगितलं, मेमरी किती उरते ते दाखव. सर्व्हर चालवणारी लिनक्स ही प्रणाली हा हिशेब एका फाइलमध्ये सतत मांडून ठेवते. तिने पायथॉनमध्ये चार ओळी लिहून ती फाइल वाचली, ‘रिकामी मेमरी’ हा आकडा उचलला आणि आलेख भिंतीवरच्या स्क्रीनवर लावला. रेघ पार तळाला टेकलेली.

"मामा, तुमचं बाळ फारच खादाड निघालं," मॅनेजर भर बैठकीत म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं.

मामाने आपला कोड वरपासून खालपर्यंत तपासला. "मला तर काही सापडत नाही. पण हिने मोजलंय ना? मग बरोबरच असणार." त्याने राजीनामा लिहून दिला.

तो गेल्यावर तिने ती फाइल पहिल्यांदाच सबंध वाचली. दुसऱ्या ओळीत रिकामी मेमरी, तिसरीत उपलब्ध. पडून असलेल्या मेमरीत लिनक्स नुकत्याच वाचलेल्या फाइली ठेवते आणि कोणी जागा मागितली की सोडून देते; ती जागा रिकामीत धरत नाहीत, उपलब्धमध्ये धरतात. उपलब्ध मेमरी निम्म्याहून जास्त होती. ती तडक मॅनेजरकडे गेली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "आलेख पाहिला तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी जा म्हटलं असतं तर मामा वर्षभर भांडला असता. तुझ्या आकड्यापुढे मुकाट उठला. आता त्याचं काम तू बघ. आणि ती ओळ बदल, ग्राहक यायचेत."

तिने एक शब्द बदलला. रेघ टुणकन वर गेली.

"बघा, मामा गेला आणि सर्व्हरने श्वास घेतला," शेजारचा म्हणाला. सगळे हसले.

संध्याकाळी मामाचा फोन आला. "काय गं, सुटला का सर्व्हर?"

"हो. निम्म्याहून जास्त मोकळा दिसतोय."

"म्हणजे माझंच चुकत होतं. इतकी वर्षं कुठे कुठे काय घाण करून ठेवली असेल मी."

त्याला खरं काय ते कळवायचं, तर तिला आधी स्वतःची चूक कबूल करावी लागणार होती.

"मामा..."

"समजूत घालू नकोस. तू निदान तोंडावर दाखवलंस."

"जेवलास का?" तिने विचारलं.