ऑसवाल्टच्या काचांना कागद लागला

मित्रांनो, मी एक जुनी इमारत आहे. किती जुनी, ते बाईमाणसाने सांगू नये म्हणतात. पण माझ्या दारावर साल कोरलेले आहे, तेव्हा माझा नाइलाज आहे. ओहायो राज्यातल्या कॅल्डर गावात, मुख्य चौकात मी उभी आहे. गावात मला कोणी कधी इमारत म्हटले नाही. बायका पर्स उचलून सांगत, "ऑसवाल्टला जाऊन येते गं." बस, एवढेच.

थोरल्या ऑसवाल्टसाहेबांनी मला बांधले तेव्हा गावात काचेचा मोठा कारखाना होता. माझ्या दर्शनी खिडक्यांच्या उंच काचा तिथेच ओतल्या. रविवारी कारखान्यातले कामगार बायकामुलांना घेऊन येत, काचेवर बोटाने टकटक करत आणि म्हणत, "ही आमची." काचेपलीकडे मांडलेल्या उंची मालाकडे त्यांचे लक्षच नसे. मला त्याचा रागही येई आणि आतून बरेही वाटे.

माझ्या पोटात काय नव्हते! खाली हातमोजे आणि अत्तरे, वर कापड, त्याच्यावर भांडीकुंडी, आणि सगळ्यांत वर उपाहारगृह. बाळाचा पहिला बूट माझ्याकडचा. शाळेचा कोटही माझ्याकडचाच, तोही एक माप मोठा, म्हणजे दोन हिवाळे निघत. गावातल्या निम्म्या नवऱ्या माझ्याच आरशांसमोर रडल्या आहेत.

पण माझा खरा मान नाताळात. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की माझ्या सगळ्या खिडक्यांना आतून खाकी कागद लागे. आत काय चालले आहे ते कोणी सांगायचे नाही, ही गावाची रीत. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दिवेलागणीला सारे गाव समोरच्या रस्त्यावर जमे आणि कागद एका झटक्यात खाली येई. आत यंत्रावर हलणाऱ्या बाहुल्यांचे देखावे असत. माना डोलावणारे सुतार, पीठ मळणारी अस्वले, बर्फावर घसरणारी पाद्रीबाई. मुले नाके काचेला लावत आणि काचा पुसता पुसता नोकरांचे कंबरडे मोडे.

हे सारे वेल्मा पाव्लिक करी. ती काचकामगाराची मुलगी. विशीत माझ्या खिडकीत शिरली ती केस पिकेपर्यंत बाहेर आली नाही. मांडलेल्या गालिच्यावर ठसे उठू नयेत म्हणून बूट काढून, नुसत्या पायमोज्यांवर वावरे. तोंडात टाचण्या धरून बोले, त्यामुळे तिचे बोलणे मला एकटीलाच कळे.

मग हमरस्त्याला मॉल झाला. लोक आधी "सहज बघायला" गेले, मग तिथलेच झाले. काचेचा कारखानाही बंद पडला. शेवटच्या सेलला मात्र ही झुंबड! हँगर नेले, आरसे नेले, कपाटांच्या मुठीसुद्धा उपटून नेल्या. जो तो डोळे पुसत म्हणे, "ऑसवाल्टसारखं दुकान पुन्हा होणं नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरे काय!

त्यानंतर कितीतरी वर्षे मी रिकामी होते. छत गळू लागले, वरच्या मजल्यांवर पारव्यांनी संसार थाटले. कोणी वर मान करून बघेना. माझा नवा मालक दुसऱ्या शहरात राहतो. त्याने ठरवले, मला पाडायचे आणि इथे गाड्या उभ्या करायला मोकळी जागा करायची. नगरपरिषदेत त्यावर सोमवारी मतदान व्हायचे होते. त्याआधी मोजमाप उरकायला त्याने गस नावाच्या मुकादमाला चार माणसे देऊन पाठवले. गस परगावचा. येणारेजाणारे उगाच डोकावतात म्हणून त्या भल्या माणसाने काय करावे? नोव्हेंबर महिन्यात माझ्या खिडक्यांना आतून खाकी कागद लावला.

झाले! वाऱ्यासारखी बातमी पसरली. ऑसवाल्टच्या काचांना कागद लागला.

सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मालकाच्या घाईमुळे गसची माणसे कामावर होती. दुपार कलली तशी वेल्मा काठी टेकत मागच्या दाराने आत आली.

"हा कागद कुणी लावला?"

"मी लावला, आजी. का बरं?" गस म्हणाला.

"जरा बाहेर बघ."

गसने कागदाचा कोपरा उचलला. रस्ता माणसांनी भरला होता. म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. पोरे बापांच्या खांद्यांवर होती. गरम कोकोच्या बाटल्या या हातातून त्या हातात चालल्या होत्या.

"अरे देवा," गस म्हणाला. "यांना सांगा ना, घरी जा म्हणून. आत काही नाहीये. धूळ आहे, आणि ही माझी माणसं जेवतायत."

"तूच सांग. मला मार खायचा नाहीये या वयात."

"मग करायचं काय?"

"कागद लावलायस ना? मग काढायलाही तूच हवास. गाव थंडीत उभं आहे. दिवा लाव."

तिने वाकून, कण्हत, बूट काढले. मोडक्या फरश्यांवर पायमोज्यांनी चालत ती खिडकीपाशी गेली. मित्रांनो, तेव्हा मला रडू आले. इमारतीला रडू येते. लोक त्याला ओल म्हणतात.

कागद खाली आला. आत उजेडात सिमेंटच्या पोत्यांवर बसून चार माणसे कालच्या टर्कीचे सँडविच खात होती. घास हातातच राहिले. बाहेर सगळ्यांनी माना उंचावल्या. मग एक चिमुरडी म्हणाली, "आई, हे तर अगदी खरे वाटतात."

त्या चौघांत एफ्राइन नावाचा तरुण होता. ग्वाटेमालाहून आलेला. त्याला या रीतीतले काय माहीत असणार? पण मुलांचे चेहरे त्याला कळले. त्याने मान हळूच, अडखळत, कळसूत्री बाहुलीसारखी वळवली. सँडविच वर नेले, खाली आणले. शेजारच्याने मापाची फीत टकटकत बाहेर काढली आणि आत सोडली. रस्ता हास्याने आणि टाळ्यांनी दणाणला.

मग गर्दीला कंठ फुटला. महापौर कोरा विंटर्स नातवाला घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"कोराबाई, हिला पाडू देऊ नका."

"सोमवारी मत द्या आमच्या बाजूनं. आमचं बालपण आहे हो इथं."

कोराबाईंनी ऐकून घेतले. मग विचारले, "दुकान बंद पडलं त्या वर्षी इथं तुमच्यापैकी कुणी काय घेतलं? सेल सोडून सांगा."

म्हातारे घडीच्या खुर्च्यांचे पाय नीट करू लागले. "माझंही तेच," कोराबाई म्हणाल्या. "नुसत्या आठवणींवर छप्पर टिकत नाही. भाडेकरू मिळाला तर मालक कशाला पाडेल?" वेल्माने मान खाली घातली. तिच्या अंगावरचा कोट मॉलमधला होता. माझ्या खिडक्या सजवायची आणि खरेदी तिकडे करायची, कारण तिकडे स्वस्त. मला ते ठाऊक होते. तरी तिच्याविषयीची माया कमी झाली नव्हती.

एवढ्यात खिडकीतली बाहुली बोलली. "बाई, खालचा मजला भाड्यानं मिळेल का?" एफ्राइन विचारत होता. "माझी बायको पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवते, आमच्याकडे तो लग्नासारखा करतात. एवढाले घेर! आमच्या घरात झगा टांगला की आम्हाला उभं राहायला जागा उरत नाही. तिला अशी खिडकी हवी."

गस ओरडला, "अरे, तू इमारत पाडायला आलायस की थाटायला?"

"मोजमाप तर झालंय, मुकादम," एफ्राइन म्हणाला. "ते दोन्हीला चालतं."

सोमवारी परिषदेने मला एका वर्षाची मुदत दिली. तेवढीच. वरचे मजले अजून पारव्यांचेच आहेत. पण वसंतात मारिसेलाने, म्हणजे एफ्राइनच्या बायकोने, खाली दुकान मांडले. तिची खिडकी वेल्माने सजवली. गुलाबी, निळे, पिवळे घेर काचेला टेकले. गावातल्या जुन्या बायका बाहेर थांबून म्हणू लागल्या, "किती छान दिसतंय नाही?" आणि पुढे निघून जाऊ लागल्या. हे मी आधी पाहिले होते.

तेव्हा वेल्मा खिडकीतून उतरली, बूट घातले, पुढच्या दाराने बाहेर गेली आणि गिऱ्हाईक होऊन पुन्हा आत आली.

"काय दाखवू, आजी?" मारिसेलाने हसून विचारले. "नातीसाठी आहे का?"

"नात नाहीये मला."

"मग काय हवंय?"

"काहीही दे," वेल्मा म्हणाली. "पण विकत दे."

मारिसेलाने केसांची रेशमी फीत कागदात बांधून दिली. वेल्मा ती पुडी हातात सगळ्यांना दिसेल अशी धरून दारात उभी राहिली आणि बाहेरच्या बायकांना म्हणाली, "आत या गं, काच चावत नाही."

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादे जुने दुकान असेल. ते पडल्यावर हळहळायला तुम्ही याल, हे मला ठाऊक आहे. त्याआधी या. नुसते लांबून गोडवे गाऊ नका, उंबरा ओलांडा आणि काहीतरी विकत घेऊन जा, मग ती एक फीत का असेना. आम्हाला तेवढे पुरते.