कोंडाजी आबांचं पुरतं बोलणं

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसलं तरी ऐकलं नक्की असेल. मी एक जुना कर्णा आहे. कुणी मला भोंगा म्हणतं, कुणी नुसतं स्पीकर. माझं तोंड भलं मोठं आहे, पण पोटात स्वतःचं असं काहीच नाही. दुसरा बोलला तरच मी बोलतो. तरीही गेल्या निवडणुकीपासून एक प्रश्न माझ्या घशात अडकून बसला आहे. समोरच्या बाजूचा एखादा माणूस स्वतःच्याच बाजूची चूक सांगत असेल, तर त्याचं बोलणं आपण उचलून गावभर वाजवावं की नाही?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता यायचं नाही. पत्रा ठोकल्याचा आवाज तेवढा आठवतो. जाण आली ती नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात. बाहेर ट्रक, बस, रिक्षा यांचे हॉर्न इतके वाजायचे, की जगात सगळे एकदम बोलतात आणि ऐकत कुणीच नाही, असं मला तेव्हा वाटायचं. एक दिवस भिमाजी नावाचा माणूस आला. त्याने मला टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हाच द्या." मग मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधलेला मी नाशिकच्या कडेला असलेल्या त्याच्या गावी येऊन पोहोचलो.

गाव भाजीपाल्याचं आणि फुलांचं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि शेवंतीचे क्रेट पहाटे नाशिकला जातात, आणि त्याच रस्त्याने पोरं सातपूरला, अंबडला कारखान्यांत शिफ्टवर जातात. मी आलो तेव्हा माझा काय थाट होता! लग्न असो, गणपती असो, कुणाची शेळी हरवलेली असो, नाहीतर पोलिओचा डोस असो, भिमाजी मला आधी चिंचेवर चढवायचा आणि मग मंडपाचा खांब रोवायचा. "आवाज पार टेलपर्यंत जातो बघा," असं तो सगळ्यांना अभिमानाने सांगायचा. टेल म्हणजे आमच्या चारीचा शेवट. कालव्याचं पाणी चारीने येतं, आधी वरच्या शेतांना मिळतं आणि उरलं तर टेलला. माझा आवाज मात्र तिथे रोज पोहोचायचा.

पुढे भिंतीएवढे डीजेचे खोके आले आणि माझी रवानगी गोठ्याच्या वळचणीला झाली. एका चिमणीने माझ्या तोंडात काड्या आणून संसार मांडला. पिल्लं चिवचिवायची, तेवढाच काय तो माझ्यातून निघणारा आवाज. खरं सांगू का, मला वाईट वाटायचं. पण निवडणूक आली की भिमाजीला माझी हटकून आठवण व्हायची. रिक्षेच्या टपावर डीजे थोडाच बसतो!

गेल्या साली आमच्या पाणी वापर संस्थेची निवडणूक लागली. पाणी कुणाला, कधी आणि किती वेळ द्यायचं, ते ही संस्था ठरवते. म्हणून गावात आमदारकीला होत नाही एवढी चुरस या निवडणुकीला होते. पॅनेलं दोन. सत्तेतलं पॅनेल अध्यक्ष रविराजचं, त्यात बहुतेक वरच्या अंगाचे शेतकरी. विरोधी पॅनेल उज्वलाचं. ती टेलच्या शेवंतीवाल्यांची सून, बोलायला खमकी. गावात कर्णा मात्र एकच, तो म्हणजे मी. त्यामुळे भिमाजीने पद्धत पाडली होती. सकाळी रिक्षा उज्वलाच्या पॅनेलची आणि दुपारनंतर रविराजच्या. मध्ये तो फक्त बॅनर आणि पेनड्राइव्ह बदलायचा. सकाळी मी ज्यांना नालायक म्हणायचो, त्यांनाच दुपारी भाग्यविधाते म्हणायचो. लाज वाटायला मला गाल नाहीत हे बरं.

मला गंमत एका गोष्टीची वाटायची. दोन्ही पॅनेलं बेंबीच्या देठापासून ओरडायची, पण मेथी खुडणाऱ्या बाया मान वर करत नव्हत्या. आपलाच माणूस आपलीच आरती ओवाळतो, त्यात ऐकायचं काय?

मग ती सभा झाली. मारुतीच्या देवळापुढे रविराजच्या पॅनेलची सभा होती आणि मी वरच्या अंगाला तोंड करून खांबावर बांधलेला होतो. कोंडाजी आबा बोलायला उठले. आबा त्या पॅनेलचे जुने कार्यकर्ते, पण जिभेला हाड नसलेला माणूस. ते म्हणाले, "आपल्या पॅनेलनं लय कामं केली, पण टेलला पाणी गेलं नाय. आपणच वर गेटं उचलून पाणी वळवलं. ही आपली चूक हाय, आपण कबूल केली पायजे." एक-दोघांनी माना डोलावल्या. आबा थांबले नाहीत. "आता समोरच्यांचं सांगतो. त्यांना पाणी पायजे, पण चारी साफ करायच्या श्रमदानाला त्यांच्यातलं एक माणूस येत नाय. गाळानं भरलेल्या चारीतून पाणी जाईल कसं? मी याच पॅनेलचा हाय आणि याच पॅनेलला मत देणार. म्हणून तर घरचं समजून बोलतो."

आमच्याकडे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटण्याआधी घरटी एक माणूस फावडं घेऊन चारीवर जायची रीत आहे. टेलची माणसं तिथे जायची बंद झाली होती, कारण पाणीच मिळत नाही तर गाळ कशाला काढायचा? आणि गाळ राहिला म्हणून पाणी आणखी कमी जायचं. दोन्ही बाजूंचं खरं होतं, आणि मी ते सगळं त्या दिवशी गावाला ऐकवलं होतं. पण टेलचं कुणी त्या सभेला नव्हतं. होता तो फक्त कुणाचा तरी मोबाइल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाजीने उज्वलाने दिलेला पेनड्राइव्ह लावला आणि माझ्यातून आबांचा आवाज आला. "टेलला पाणी गेलं नाय. आपणच वर गेटं उचलून पाणी वळवलं. ही आपली चूक हाय." त्यापुढे एका पोरीचा आवाज, "ऐका, ऐका! हे आम्ही नाही, त्यांचेच कोंडाजी आबा म्हणतात!" आणि परत पहिल्यापासून. गाळाचं आणि श्रमदानाचं काहीच नाही. तेवढा भाग कापला होता.

मित्रांनो, त्या दिवशी खुडणाऱ्या बायांनी माना वर केल्या. त्यांतली नवसाबाई तर विळा हातात घेऊन बांधावर आली आणि म्हणाली, "अगं बया, ह्ये तर आबाच बोलून राहिले!" मला आधी आनंदच झाला. इतक्या वर्षांनी कुणी मला मनापासून ऐकत होतं. हीच गोष्ट उज्वलाने किती वेळा सांगितली असेल. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आबांच्या तोंडून आली आणि पटली. असं का होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

दुपारी बॅनर बदलायला रिक्षा आबांच्या दारात थांबली होती, तेव्हा रविराज तिथे तणतणत आला.

"आबा, तुमच्यामुळे आपली पार माती झाली. आता माइकवर सांगा, की मी असं बोललोच नाही."

"बोललो ना. सगळ्यांम्होरं बोललो. आता नाय कसं म्हणू?"

"मग इथून पुढं सभेत तोंड उघडू नका. तुमचं बोलणं त्यांच्याच कामाला येतं."

भागीबाई, आबांची बायको, उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "रविदादा, त्यांना घरात गप बसवायला मला जमलं नाय, तुला जमलं तर बघ."

पण रविराजला जमलं. संध्याकाळी परत सभा झाली. आबा माझ्या खांबाला टेकून बसले होते. एकेक जण उठला आणि म्हणाला, सगळं झकास आहे. टेलचं नाव कुणी काढलं नाही. आदल्या दिवशी आबांचं ऐकून माना डोलवणारे एक-दोघे होते, तेही गप्प. खरं बोललं की समोरचे वाजवतात, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. आबा दोनदा उठायला गेले आणि पुन्हा बसले. टेलबद्दल बोलणारं वरच्या अंगाला एकच तोंड होतं, आणि ते आता बंद झालं होतं.  माझ्यातून त्यांचा आवाज पुन्हा कधीच निघणार नाही, असं मला वाटलं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, सकाळीच, रिक्षा उज्वलाच्या शेवंतीच्या वावराशी उभी असताना आबा चालत आले. उज्वलाने क्रेट खाली ठेवला आणि डोक्यावरचा पदर सावरला.

"आबा, रागावला असाल. पण मी खोटं काही वाजवलं नाही. तुमचेच शब्द आहेत. आम्ही ओरडून थकलो, कुणी ऐकलं नाही. तुमचं ऐकलं. मग मी ते वाजवू नको तर काय करू?"

"वाजव की," आबा म्हणाले. "वाजवल्याचा राग नाय मला. पण पोरी, पुरतं वाजव."

"पुरतं वाजवलं तर तुम्ही आमच्याबद्दल बोललात तेही जाईल."

"ते खोटं हाय का?"

उज्वला वाकून क्रेटमधली फुलं सारखी करायला लागली. आबा बांधावर बसले. "बरं, दुसरं इचारतो. तुझ्या पॅनेलात असा एक माणूस दाखव, जो तुमची चूक तुमच्याच सभेत सांगतो. मी रविराजला सांगतो, त्याचं वाजव."

उज्वलाने रिक्षेजवळ उभ्या असलेल्या तिच्या माणसांकडे पाहिलं. त्यांतला एक बॅनरची दोरी आवळायला लागला. दुसरा मोबाइल बघत बसला. आबा तेवढ्यावर उठून निघून गेले, आणि मला वाटलं, संपलं.

पण उज्वला रिक्षेत चढली. भिमाजीला म्हणाली, "भाऊ, तो पेनड्राइव्ह काढा. माझ्या मोबाइलमध्ये आख्खं आहे, ते लावा." तिची माणसं धावत आली. "वहिनी, डोकं फिरलं का? उद्या मतदान हाय!" तिने ऐकलं नाही. माझ्यातून आबांचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलं, गाळ, फावडी, "याच पॅनेलला मत देणार" यांसकट. मग तिने माइक हातात घेतला. 

"कोंडाजी आबा आमच्याबद्दल बोलले तेही खरं आहे. गेल्या साली चारी साफ करायला टेलचं कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. पाणी आमच्या हक्काचं आहे आणि गाळ आमच्याही वाट्याचा आहे. पटलं तर मत द्या."

रिक्षा गावभर फिरली. तिच्या पॅनेलमधले काही जण फुरंगटून घरी गेले. नवसाबाई मात्र परत बांधावर आली, आणि या वेळी बराच वेळ हसत उभी राहिली.

दुपारी रविराजची पाळी. त्याची पोरं नाचतच आली. त्यांनी सकाळचं सगळं, आबांचं आणि उज्वलाचं बोलणं, मोबाइलवर घेतलं होतं. "लाव भिमाजी! हिनंच कबूल केलं, मीही गेले नाही! एवढंच लाव, परत परत लाव!" भिमाजीने हात पुढे केला, तोच आबा रिक्षेला आडवे उभे राहिले.

"लावायचं तर पुरतं लावा. नायतर मी हितून हालत नाय."

"आबा, त्यात आपली चूक पण येते," रविराज म्हणाला.

"येऊ द्या. तिनं तिची सांगितली. आपली सांगायला आपल्याला काय झालं?"

रविराजने मागे वळून पाहिलं. चौकात माणसं जमली होती, सगळी त्याच्याकडे बघत होती. शेवटी तो चिडून म्हणाला, "लाव बाबा, पुरतं लाव. प्रचाराची वेळ संपत आली." आणि त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी आणि दुपारी एकच बोललो.

निकालात रविराजचं पॅनेल आलं, टेलच्या जागेवर मात्र उज्वला निवडून आली. संस्थेच्या पहिल्या सभेला भिमाजीने मला पुन्हा मारुतीपुढच्या खांबावर चढवलं, या वेळी टेलकडे तोंड करून. अध्यक्षांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. आबा खाली मान घालून बसले होते. माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे. रविराजने माइक खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि हात लांब करून आबांपुढे धरला.

"बोला आबा. तुम्ही गप बसलात, तर चूक काय झाली ते आम्हाला बाहेरून कळणार."

आबा उठले. घसा खाकरला. समोर बायांमध्ये बसलेल्या उज्वलाने मोबाइल वर धरला होता. आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा तो खरखरीत आवाज माझ्यातून पार टेलपर्यंत गेला. "उज्वला, चालू केलास का? घे, पयल्यापासून घे."

मित्रांनो, मला वर्षातून एकदा पुसा, पावसात झाका, एवढंच माझं स्वतःसाठी मागणं आहे. बाकी माझ्या प्रश्नाचं उत्तर मला निम्मंच सापडलं आहे. समोरच्याचं बोलणं उचलायचं तर जरूर उचला, पण त्यात तुम्हाला लागणारा काटाही राहू द्या. उरलेलं निम्मं तुम्ही शोधा. आणि तुमच्यात एखादा कोंडाजी असेल, तर त्याला आज जवळ बसवून ऐका. तो गप्प झाला, तर कितीही मोठा कर्णा आणलात तरी त्याचं बोलणं तुम्हाला पुन्हा ऐकवता येणार नाही.