दुकान वाढवलं

दुकानाच्या दुप्पट लांबीची एक पाटी. रंग अजून ओला. टेम्पोतून उतरवताना हमालाच्या सदऱ्याला लागलेला.

*

एकच कप. पाहुणा आला तर कप त्याचा, बशी तिची.

*

शेजारचा चष्मेवाला भिंतीवर हात फिरवत विचारतो, "नवीन दार कुठून काढलंय म्हणे?"

*

'प्राप्त' हा शब्द उलटा कसा दिसतो, हे तिला सुलट्याच्या आधी आठवायचं.

*

"धाकट्या, दुकान वाढवलं रे," ती फोनवर म्हणाली. तो ओरडलाच, "अभिनंदन, ताई! एकदाचं ऐकलंस!"

*

ती रबरी शिक्के कोरायची. हातानं, बारीक कोरणीनं, अक्षरं उलटी. म्हणजे कागदावर ती सुलट उमटतात. "आमच्या धंद्यात सरळ माणसाचं काम नाही," असं ती म्हणायची.

कचेरीतला हेडक्लार्क धापा टाकत यायचा. "बाई, 'तातडीचे' असा शिक्का हवाय. कधी मिळेल?"

"तुमच्या तातडीनं की माझ्या?"

एक स्थळ चालून आलं होतं. गृहस्थ म्हणाले, दुकान सोडावं लागेल. ती म्हणाली, "सोडते. तुम्ही नोकरी सोडा. दोघं गप्पा मारत बसू." गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. कप तिनं लगेच विसळून ठेवला.

दुकानामागच्या खोलीत ती राहायची. खोलीला खिडकी होती, ती चष्मेवाल्याच्या भिंतीवर उघडायची. म्हणजे उघडायची नाही.

धाकटा भाऊ येईल तेव्हा एकच पालुपद लावायचा. "ताई, शेजारचा गाळा घे. मशीन आण. वाढव दुकान."

"रोज संध्याकाळी वाढवतेच की."

दुकान 'बंद केलं' म्हणू नये, 'वाढवलं' म्हणावं, हे लहानपणी तिनंच त्याला शिकवलं होतं. चापट मारून. त्या दिवशी फोनवर नेमकं तेच तो विसरला.

*

पाटी घेऊन तो पोचला, तेव्हा शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेला. कपाट रिकामं. ती स्टुलावर बसलेली, हातात हात घेऊन, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघावी तशी.

"हे काय? तू तर म्हणालीस वाढवलं!"

"मग काय म्हणू? बंद? तोंडात मारशील माझ्या."

"अगं, मी पाटी करून आणली! सगळ्यांना सांगितलं, ताईनं शेजारचा गाळा घेतला."

"तरीच चष्मेवाला सकाळपासून माझी भिंत चाचपतोय."

ती हसत सुटली. डोळे पुसले, परत हसली. मग थांबली.

"आता आमच्याकडे चल," तो म्हणाला.

"येईन की. जेवायला."

"राहायला, ताई. इथं एकटी काय करणार तू?"

"मी एकटी याचं तुला वाईट वाटतं, की लोक काय म्हणतील याचं?"

तो म्हणाला, "दोन्ही."

"खरं बोललास. हात पुढे कर."

तिनं टेबलावरचा शेवटचा शिक्का शाईत दाबला आणि त्याच्या तळहातावर उमटवला. "वाच."

"काय आहे हे? काहीच लागत नाही."

"सुलट कोरलाय मी. म्हणून उलटा उमटला."

"एवढंच ना? एखादा चुकायचाच."

"चुकला असता तर चाललं असतं रे," ती म्हणाली. "मला तो बरोबर दिसला. कागदावर उमटवेपर्यंत."

तिनं चहा केला. कप त्याला दिला, बशी स्वतः घेतली.

*

घरी हात धुवायला तो बेसिनशी उभा राहिला. वर आरसा होता. तळहात सहज वर केला, आणि आरशात अक्षरं सरळ झाली.

नामंजूर.

"काय झालं हो हसायला?" बायकोनं आतून विचारलं. त्यानं नळ सोडला, तो बराच वेळ सोडूनच ठेवला.

*

ती मागच्या खोलीतच राहिली. पाटी परत नेऊ दिली नाही. दुकानाबाहेर दोन खोक्यांवर आडवी टाकून तिचा बाक केला, अक्षरं खालच्या बाजूला. "चार माणसं बसतील," ती म्हणाली. चष्मेवाला कधीमधी येऊन टेकायचा. त्याचं दुकान उठल्यावर बाकाच्या एका टोकाला ती बसायची आणि उरलेली पाटी तशीच लांब पडलेली असायची. धाकटा दर रविवारी विचारायचा, येतेस का? ती नुसता तळहात दाखवायची.

*

तेराव्यानंतर किल्ली घरमालकाला द्यायची होती, म्हणून धाकटा आला होता. म्हातारा हेडक्लार्क काठी टेकत शटरपाशी थांबला. आता कचेरी नव्हती, काम नव्हतं; सवयीनं आला असावा.

"बाई नाहीत का?"

"दुकान वाढवलं," धाकटा म्हणाला.

हेडक्लार्कनं शेजारच्या गाळ्याकडे पाहिलं नाही. काठी दुसऱ्या हातात घेतली. धाकट्यानं शटर ओढलं.

*

दुकान पहिल्यांदा उघडलं त्या सकाळी तिनं पहिला शिक्का धाकट्याच्या नावाचा कोरला. तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं.